घरातला विजेचा नॉईज कसा शोधायचा: नवीन हॅमसाठी पायरीपायरीने

हॅम रेडिओचं, म्हणजे हौशी वायरलेसचं, लायसन्स आलं, गच्चीवर डायपोल (तारेची साधी अँटेना) बांधला, एसडब्ल्यूआर (अँटेना रेडिओशी किती जुळते त्याचं माप) पण छान आला, आणि ४० मीटर (७ मेगाहर्ट्झचा बँड) लावल्यावर नुसता खरखराट. एस मीटर (सिग्नलचा जोर दाखवणारा काटा) आठ-नऊवर चिकटलेला, सकाळच्या नेटमधली (ठरलेल्या वेळी हवेवर जमणाऱ्या हॅममधली) दोन-तीन तगडी स्टेशनं तेवढी कळतात, बाकीचे कोणीतरी बोलतायत एवढंच समजतं. नवीन मंडळी माझ्याकडे जे प्रश्न घेऊन येतात त्यात हा सगळ्यात वरचा, आणि बहुतेकांनी तोपर्यंत रिग (रेडिओ सेट) बदलायचं नाहीतर महागडी अँटेना घ्यायचं ठरवून टाकलेलं असतं. थोडं थांबा. माझ्या घरात हे सगळं मी केलंय, नंतर बऱ्याच जणांच्या घरी जाऊन पण शोधलंय, आणि बहुतेक वेळा नॉईज करणारी वस्तू त्याच घरात, त्याच भिंतींच्या आत सापडलीय. तेव्हा आधी शोधायचं, खर्च नंतर. हा लेख त्या शोधण्याबद्दल आहे.

नॉईज किती म्हणजे जास्त, हे आधी कळलं पाहिजे. आयटीयू या आंतरराष्ट्रीय दूरसंचार संस्थेचे रेडिओ नॉईजचे तक्ते आहेत, त्यावरून हिशोब केला तर साध्या वस्तीच्या भागात ४० मीटरला, एसएसबीच्या (हॅमच्या नेहमीच्या बोलण्याच्या मोडच्या) बँडविड्थमध्ये, एस ६ च्या आसपास नॉईज येणारच, आणि खेडेगावात त्यापेक्षा एखादा एस पॉईंट कमी. म्हणजे शहरात राहून एस १ ची अपेक्षा धरू नका, पण दिवसभर एस ९ असेल तर घरात किंवा शेजारी काहीतरी नक्की आहे. एक एस पॉईंट म्हणजे ६ डेसिबल, तीन एस पॉईंट म्हणजे १८ डेसिबल, पॉवरमध्ये जवळजवळ ६३ पट. समोरचा १०० वॅटवर बोलत असेल तर तुमच्या एस ९ च्या नॉईजमधून तेवढाच कळायला त्याला सहा हजार वॅट लावावे लागतील. ते तो करू शकत नाही, पण तुम्ही एक अडॅप्टर काढून फेकू शकता.

काय काय लागेल

- १२ व्होल्टची चार्ज केलेली बॅटरी. यूपीएसमध्ये असते ती ७ अँपिअर-अवरची चालते, नुसतं ऐकायला बहुतेक रिग एखाद-दीड अँपिअर घेतात त्यामुळे दोन-तीन तास सहज निघतात.
- सेलवर चालणारा छोटा रेडिओ, मीडियम वेव्ह आणि शॉर्ट वेव्ह दोन्ही असलेला. घरात आजोबांचा जुना ट्रान्झिस्टर असेल तर तो पण उत्तम.
- वही-पेन. मोबाईलमध्ये लिहिलं तरी चालेल पण लिहा.
- बटणं चालू-बंद करणारा एक माणूस, आणि त्याच्याशी बोलायला फोन.
- डमी लोड (अँटेनाच्या जागी जोडायचा रेझिस्टर) असेल तर बरं.
- एसडीआर डोंगल (कॉम्प्युटरला लावायचा छोटा रिसीव्हर) किंवा वॉटरफॉल (अख्ख्या बँडचं सरकतं चित्र) दाखवणारा रिग असेल तर काम अर्ध्या वेळात होतं, नसेल तरी अडत नाही.

फेराईट (वायरीवरचा नॉईज अडवणाऱ्या काळ्या चुंबकी रिंगा) या यादीत मुद्दाम घातलेलं नाही. ते शेवटी.

१. नॉईज अँटेनातून येतोय का ते बघा

रिगच्या मागची कोॲक्स (अँटेनाची केबल) काढा, डमी लोड असेल तर तो लावा. नॉईज एकदम खाली गेला तर तो अँटेनाच्या बाजूने येतोय. खाली गेला नाही तर रिगचा पॉवर सप्लाय बघा, कारण बरेच जण सीसीटीव्हीसाठी मिळणारा जाळीचा १२ व्होल्टचा एसएमपीएस (स्विचिंग पद्धतीचा पॉवर सप्लाय) रिगला लावतात, आणि त्यातले काही अतिशय घाण नॉईज सोडतात.

इथे एक फसवी गोष्ट आहे. कोॲक्स काढल्यावर नॉईज गेला म्हणजे सप्लाय निर्दोष असं समजू नका, कारण सप्लायचा नॉईज घराच्या वायरिंगवर चढून, तिथून हवेतून अँटेनात येऊ शकतो. खरी परीक्षा म्हणजे अँटेना लावलेली ठेवायची, रिग बॅटरीवर घ्यायचा आणि सप्लायची पिन बोर्डातून काढायची. मग फरक पडला का बघा. इथून पुढचं सगळं शोधकाम रिग बॅटरीवर ठेवूनच करायचं.

मोजताना दर वेळी सेटिंग तेच ठेवा: तीच फ्रिक्वेन्सी (जिथे कोणी बोलत नाही अशी), तोच मोड, तीच बँडविड्थ, प्रीअँप (सिग्नल वाढवणारं सर्किट) बंद, नॉईज ब्लँकर आणि डीएनआर (रिगमधल्या नॉईज कमी करायच्या सोयी) पण बंद. हे चालू-बंद होत राहिलं तर वहीतले आकडे कचऱ्यात. आणि बऱ्याच रिगचे एस मीटर खालच्या टोकाला नीट मोजत नाहीत, त्यामुळे कानावर पण विश्वास ठेवा.

२. आवाज ओळखायला शिका

हे काम लोक टाळतात, पण यातच सगळ्यात जास्त वेळ वाचतो. दोन-चार दिवस नुसतं ऐका आणि लिहा: किती वाजता सुरू झाला, किती वाजता थांबला, कुठल्या बँडवर, आवाज कसा.

जाड, करकरीत भुंग्यासारखा आवाज, एका बँडवरून दुसऱ्यावर गेलात तरी तसाच, म्हणजे बहुतेक कुठेतरी ठिणगी पडतेय किंवा ट्रायॅकवालं (वीज झटपट चालू-बंद करणाऱ्या इलेक्ट्रॉनिक स्विचचं) काहीतरी चालू आहे. आपली वीज ५० हर्ट्झची, प्रत्येक सायकलमध्ये व्होल्टेज दोनदा शिखरावर जातं, म्हणून सेकंदाला १०० फटके बसतात आणि तो भुंगा ऐकू येतो. ढिला झालेला लाईनचा जोड, जळका स्विच, स्टेपलेस पंख्याचा रेग्युलेटर, डिमर, हे सगळे या जातीत.

एसएमपीएसचा नॉईज वेगळा असतो. बँडवर डायल फिरवली की ठरावीक अंतरावर फुगवटे लागतात, मध्ये जरा शांत, परत फुगवटा, आणि ते फुगवटे हळूहळू सरकतात, वस्तू गरम झाली की किंवा लोड बदलला की. दोन फुगवट्यांमधलं अंतर लिहून ठेवा. लहान अडॅप्टरमध्ये ६५ किलोहर्ट्झ ही फ्रिक्वेन्सी खूप वेळा सापडते, त्याचं कारण असं की वायरवरून जाणाऱ्या नॉईजची आंतरराष्ट्रीय मर्यादा १५० किलोहर्ट्झपासून पुढे लागू होते, आणि ६५ ची दुप्पट १३० सुद्धा त्याच्या खालीच राहते, त्यामुळे बनवणाऱ्यांना ती सोयीची पडते. तुम्हाला उपयोग हा की घरात दोन-तीन वस्तूंवर संशय असेल तर अंतरावरून कुठली ते कळतं. वॉटरफॉलवर हे एका नजरेत दिसतं.

एका जागी सुईसारखी टोकदार शिट्टी लागत असेल आणि ती १४.०३० किंवा २१.०५२ मेगाहर्ट्झच्या आसपास असेल तर राऊटरची लॅन केबल आधी बघा, या जागा लॅनसाठी जुन्या ओळखीच्या आहेत.

टक्... टक्... टक्... साधारण सेकंदाला एक, रात्रभर. गावाकडे राहणाऱ्यांनो, हे बहुतेक रानडुकरांसाठी शेताच्या कुंपणाला लावलेलं झटका मशीन. तार जिथे ओल्या गवताला किंवा खांबाला टेकते तिथे ठिणगी पडते आणि तीच ऐकू येते.

आणि मे महिन्यातल्या वळवाच्या ढगांचा कडकडाट म्हणजे निसर्ग, त्याला काही ठरावीक ताल नसतो, ८० आणि ४० मीटरवर संध्याकाळनंतर जास्त असतो. तो शोधत बसू नका, विजा जवळ असतील तर अँटेना काढून ठेवा आणि रेडिओ बंद करा.

वेळेवरून पण खूप कळतं. सूर्य उगवला की सुरू आणि मावळला की बंद म्हणजे सोलर. २०२४ मध्ये पीएम सूर्यघर योजना आल्यापासून गच्च्यांवर पॅनल भराभर वाढलेत, त्यामुळे हा प्रकार आता नेहमीचा. संध्याकाळी दिवेलागणीला सुरू होऊन पहाटे बंद म्हणजे रस्त्यावरचा किंवा सोसायटीच्या आवारातला दिवा. दिवसातून आठ-दहा वेळा पंधरा-वीस मिनिटं म्हणजे वॉटर प्युरिफायर, फ्रिज किंवा पाण्याच्या पंपाचं कंट्रोलर. मिनिटभर येऊन जाणारा म्हणजे लिफ्ट. कोरड्या हवेत जोरात आणि पाऊस पडला की गायब, असं असेल तर बाहेरच्या लाईनवरचा ढिला जोड किंवा सैल हार्डवेअर असण्याची शक्यता मोठी.

३. मेन स्विच बंद करून बघा

आता मुख्य परीक्षा. घरच्यांना आदल्या दिवशी सांगा, कोणी ऑनलाईन मीटिंगमध्ये नसेल अशी वेळ निवडा, घरात कोणी ऑक्सिजन मशीनवर किंवा नेब्युलायझरवर असेल तर हा भाग करूच नका. गिझर, एसी, कॉम्प्युटर आधी व्यवस्थित बंद करा. रिग बॅटरीवर चालू, अँटेना लावलेली, नॉईजचा आकडा वहीत लिहिलेला. मग मेन बंद.

जुन्या घरात लोखंडी पेटीचा मेन स्विच आणि किटकॅट फ्यूज असतील तर चालू लोडवर फ्यूज ओढू नका, कोरड्या पायताणाशिवाय हात लावू नका, आणि पेटी गंजलेली किंवा खटका घट्ट असेल तर सरळ वायरमनला बोलवा. मीटरला आणि त्याच्या सीलला तर कुठल्याच परिस्थितीत हात लावायचा नाही.

आपल्याकडे बहुतेक जण इथेच फसतात ते इन्व्हर्टरमुळे. मेन बंद केला की घरातला इन्व्हर्टर लगेच भार उचलतो, पंखे फिरत राहतात, राऊटर चालू राहतो, नॉईज आहे तसाच राहतो (स्क्वेअर वेव्हचा इन्व्हर्टर असेल तर उलट वाढतो), आणि माणूस म्हणतो की नॉईज बाहेरचा आहे. तेव्हा इन्व्हर्टर त्याच्या समोरच्या बटणाने पूर्ण बंद करा. आणि मग घरभर एक चक्कर मारा, कारण बॅटरीवर चालणाऱ्या बाकीच्या वस्तू पण असतात: राऊटरचा छोटा यूपीएस, कॉम्प्युटरचा यूपीएस, लाईट गेली की आपोआप पेटणारे बॅटरीवाले एलईडी बल्ब, चालू ठेवलेला लॅपटॉप, इमर्जन्सी लाईट. या सगळ्यांमध्ये आत व्होल्टेज वर-खाली करणारी सर्किट असतात आणि ती पण नॉईज करतात. सोलरचा चार्ज कंट्रोलर असेल तर तो उन्हात मेन बंद असला तरी चालू राहतो. ग्रिडला जोडलेला साधा सोलर इन्व्हर्टर मात्र मेन गेला की स्वतःहून थांबतो.

आता निकाल:

- नॉईज गेला: वस्तू तुमच्या घरात आहे. ही चांगली बातमी, पुढची पायरी बघा.
- अजिबात फरक नाही: बाहेरचा आहे, पायरी ७ वर जा.
- थोडा कमी झाला, पूर्ण गेला नाही: दोन्हीकडे आहे. आधी घरातला काढा, मगच बाहेर पडा.

दुरुस्तीसाठी वीज बंद राहणार असल्याचा एसएमएस आला की ती वेळ वाया घालवू नका. अख्ख्या भागाची लाईट गेली की रिग बॅटरीवर लावून लगेच बँड ऐका, आणि परत आली की तेव्हा पण ऐका. तुमच्या जागेवर बँड खरं तर किती शांत आहे ते त्या वेळी कळतं, आणि तो आकडा वहीच्या पहिल्या पानावर लिहून ठेवा.

४. बंद करत जाऊ नका, चालू करत या

बहुतेक लोक काय करतात, एक एमसीबी पाडतात, फरक नाही, परत चढवतात, दुसरा पाडतात, फरक नाही, असं सगळं करून शेवटी म्हणतात काही कळतच नाही. कारण घरात एक वस्तू नॉईज करते असं जवळपास कधीच नसतं, चार-पाच असतात. सारख्याच जोराच्या दोन वस्तू असतील आणि त्यातली एक बंद केली तर नॉईज फक्त ३ डेसिबल कमी होतो, म्हणजे अर्धा एस पॉईंट, काटा हलल्यासारखा पण वाटत नाही. मोठ्या नॉईजखाली लहान तर पूर्ण झाकला जातो.

म्हणून उलटं करा. सगळं बंद असताना, बँड शांत असताना, एक-एक एमसीबी चालू करत या. पहिला चढवला, ऐकलं, लिहिलं. दुसरा चढवला, ऐकलं, लिहिलं. प्रत्येक ठिकाणी कमीत कमी एखादं मिनिट थांबा, काही वस्तू चालू व्हायला वेळ घेतात. ज्या एमसीबीला नॉईज उडी मारेल त्या सर्किटवरच्या सगळ्या पिना काढा, सगळी बटणं बंद करा, आणि परत तसंच एकेक चालू करत या.

रिगजवळ तुम्ही, बोर्डाजवळ दुसरं कोणीतरी, मध्ये फोन. फोन चार्जरला लावलेला नको. आणि फोन रिगला अगदी चिकटून ठेवू नका.

५. नेमकी वस्तू पकडा

बटण बंद करणं आणि पिन काढणं यात फरक आहे. रिमोटने बंद केलेला टीव्ही, सेट टॉप बॉक्स, एसी, हे बंद नसतात, त्यांचा सप्लाय चालूच असतो. मोबाईल नसलेला चार्जर पण चालूच असतो. उलट काही अडॅप्टर लोड आल्यावरच नॉईज करतात, म्हणजे लॅपटॉप फुल चार्ज असताना तपासलं तर ते शांत निघतात आणि संध्याकाळी परत तुम्हाला त्रास देतात. म्हणून प्रत्येक वस्तू तिचं काम करत असताना तपासा.

आता छोटा रेडिओ घ्या. मीडियम वेव्हवर दोन स्टेशनांच्या मधली रिकामी जागा लावा (पुण्यात ७९२ किलोहर्ट्झवर आकाशवाणी जोरात येते, तिच्यापासून लांब राहा), आणि वस्तूच्या जवळ न्या. रेडिओ फक्त डब्याजवळ नाही, वायरीवरून पण फिरवा. बऱ्याच वेळा डबा शांत वाटतो आणि त्याची दीड मीटरची वायर बोंबलत असते. ही गोष्ट नीट लक्षात घ्या, कारण एचएफवर (३ ते ३० मेगाहर्ट्झ) नॉईज पसरवायचं काम वायर करते. डबा तळहाताएवढा, त्याला ७ मेगाहर्ट्झवर अँटेनासारखं वागता येत नाही. त्याला जोडलेली वायर, तिच्यापुढे घराचं वायरिंग, हे सगळं मिळून अँटेना होते. त्यामुळे उपाय पण वायरीवरच करायचा असतो.

एवढं मात्र आहे की मीडियम वेव्हवर जोरात ऐकू येणारी प्रत्येक वस्तू ४० मीटरवर त्रास देतेच असं नाही. शेवटचा शब्द रिगचा. पिन काढल्यावर रिगवर फरक दिसला तरच ती वस्तू दोषी.

नेहमी सापडणारी मंडळी, माझ्या अनुभवाने, साधारण या क्रमाने:

मोबाईलचे बिनानावाचे चार्जर आणि वायफाय, सीसीटीव्ही, सेट टॉप बॉक्स यांचे अडॅप्टर. आत नॉईज थांबवणारी कॉईल आणि कपॅसिटर असायला पाहिजेत, पैसे वाचवायला ते घातलेलेच नसतात, बोर्डावर त्यांची जागा तेवढी रिकामी सोडलेली असते.

एलईडी बल्ब आणि पट्ट्या. एकाच कंपनीच्या एकाच खोक्यातल्या बल्बमध्ये पण फरक असतो. नवीन घेताना आधी एकच आणा, घरी लावून रिगवर ऐका, मग बाकीचे घ्या. गणपती-दिवाळीच्या माळांचे रंग बदलणारे कंट्रोलर याच जातीतले, पण ते काही दिवसांचेच असतात, सणात घरच्यांशी त्यावरून वाद घालू नका.

पंख्याचा रेग्युलेटर. गोल फिरवायचा, पायऱ्या नसलेला असेल तर आत ट्रायॅक असतो आणि तो भुंगा सोडतो. टक-टक पायऱ्यांचा, कपॅसिटरवाला रेग्युलेटर लावा, काम झालं, हा सगळ्यात स्वस्त उपाय आहे. बीएलडीसी पंखे विजेला चांगले, पण त्यांच्या आत स्विचिंग सर्किट असतं, काही मॉडेल शांत आहेत काही नाहीत, तेव्हा इथे पण आधी एकच घ्या.

इंडक्शन शेगडी चालू असेपर्यंत बँड खाऊन टाकते, पण स्वयंपाक झाला की संपतं. मिक्सर, शिलाई मशीनची मोटर यांच्या कार्बन ब्रशच्या ठिणग्या तशाच. यांच्यासाठी काही करू नका, चटणी वाटून होईपर्यंत थांबा.

जुनी चोकवाली ट्यूब एकदा पेटली की फारशी त्रास देत नाही, लुकलुकणारी मात्र देते, आणि इलेक्ट्रॉनिक चोकवाल्यांचं काही सांगता येत नाही.

फिश टँकच्या हीटरचा थर्मोस्टॅट आणि जळका स्विच किंवा ढिला सॉकेट. हे दोन नॉईजपेक्षा मोठे विषय आहेत, कारण तिथे खरी ठिणगी पडत असते आणि आग लागू शकते. सापडल्या-सापडल्या बंद करा आणि इलेक्ट्रिशियनकडून बदलून घ्या.

६. उपाय

पहिला उपाय, वस्तू बदला. दोनशे-तीनशे रुपयांच्या अडॅप्टरवर त्याच्यापेक्षा महाग फेराईट लावण्यात अर्थ नाही. तेवढ्याच व्होल्टचा, तेवढ्याच किंवा जास्त अँपिअरचा चांगला अडॅप्टर आणा, पिनेची पोलॅरिटी जुळवून. अडॅप्टर उघडून आत काही जोडायच्या भानगडीत नवीन माणसाने पडू नये, २३० व्होल्ट रेक्टिफाय झाल्यावर आतल्या कपॅसिटरवर ३२५ व्होल्टच्या आसपास डीसी असतो आणि पिन काढल्यावर पण काही वेळ टिकतो.

बदलता येत नाही अशा वस्तूला फेराईट. एचएफसाठी ३१ नंबरचं मिक्स (फेराईटचा प्रकार) मागा, ते १ मेगाहर्ट्झपासून वर चांगलं काम करतं. ४३ नंबर वरच्या बँडना ठीक आहे, खालच्या बँडना ३१ सरस. आणि वायर त्यातून एकदा नुसती ओवून काही होत नाही, ही सगळ्यात सर्रास होणारी चूक. एकदा ओवल्यावर ७ मेगाहर्ट्झवर थोडासाच अडथळा मिळतो, त्याने नॉईज कुठे थांबणार. वेढे द्या. अडथळा वेढ्यांच्या वर्गाने वाढतो, पाच वेढे म्हणजे ढोबळमानाने पंचवीस पट. म्हणून मोठ्या भोकाचा क्लिप-ऑन किंवा रिंग घ्या आणि अख्खी वायर, फेज-न्यूट्रल-अर्थ सगळं एकत्र, तिच्यातून फिरवा. एकटी फेजची वायर सोलून वेगळी काढून फिरवायची नाही. आधी २३० व्होल्टच्या बाजूच्या वायरीवर लावून ऐका, मग डीसी बाजूच्या, दोन्हीकडे लागू शकतं. लॅनच्या वायरीला पण हाच उपाय.

मुंबईत लॅमिंग्टन रोडला किंवा पुण्यात बुधवार पेठेत, तपकीर गल्लीत, रिंगा शोधायला जाणाऱ्यांनी एक लक्षात ठेवा. कॉम्प्युटरच्या जुन्या एसएमपीएसमधून काढलेल्या पिवळ्या-पांढऱ्या रिंगा स्वस्तात मिळतात, त्या लोखंडाच्या पावडरीच्या असतात, या कामाला उपयोगी नाहीत. दुकानदार फेराईट म्हणूनच देईल, तुम्ही घेऊ नका. जुन्या मॉनिटरच्या केबलवरचे गठ्ठे पण व्हीएचएफला (३० मेगाहर्ट्झच्या वर) बरे, ४० मीटरला फारसे नाहीत.

धातूच्या डब्यातला मेन्स फिल्टर पण मिळतो, तो चांगला चालतो, पण त्याला खरं अर्थिंग लागतं. जुन्या घरांत तीन पिनांच्या सॉकेटमधलं वरचं मोठं भोक नुसतंच असतं, मागे वायरच नसते. ते इलेक्ट्रिशियनकडून तपासून घ्या, नॉईजसाठी नाही तरी जिवासाठी घ्याच.

दर उपायानंतर परत मोजा आणि वहीत लिहा.

७. घराबाहेरचा नॉईज

छोटा रेडिओ घेऊन बाहेर फिरा. रेडिओच्या आत फेराईटची कांडी आडवी असते, तिचं टोक नॉईजच्या दिशेला आलं की आवाज पडतो. रेडिओ आडवा धरून हळूहळू गोल फिरवा, जिथे आवाज कमीत कमी होईल ती कांडीची रेघ, नॉईज त्या रेघेवर कुठेतरी पुढे किंवा मागे. दुसऱ्या जागेवरून परत तेच करा, दोन रेघा जिथे छेदतील तिकडे चला. विजेच्या तारांच्या अगदी खाली किंवा इमारतीच्या आत ही युक्ती फसते, कारण तारा स्वतःच नॉईज पसरवत असतात, म्हणून मोकळ्या जागेत करा.

जवळ येत जाल तशी फ्रिक्वेन्सी वाढवत जा. मीडियम वेव्हचा नॉईज तारांवरून लांबवर वाहत जातो, आणि वर जाल तसा तो मूळ जागेजवळच राहतो. ठिणगीचा नॉईज १४४ मेगाहर्ट्झपर्यंत ऐकू येत असेल तर तुम्ही अगदी जवळ आहात. पण त्यासाठी एएम मोड असलेला रिसीव्हर हवा, साधी हँडी (हातातला वॉकीटॉकी) एफएम असते आणि एफएममध्ये हा आवाज दबून जातो. ओळखीच्या जुन्या हॅमकडे असा रिसीव्हर आणि हातात धरायची छोटी यागी (एकाच दिशेचं जोरात ऐकणारी अँटेना) असते, त्याला बोलवा. आणि लाईनच्या बाबतीत, ज्या खांबाखाली सगळ्यात जोरात आवाज तोच खांब दोषी असं नसतं, तारेवर आवाज ठरावीक अंतराने कमी-जास्त होतो.

खांबाला लाथ मारू नका, खांबाची ताणाची तार हलवू नका, काठी लावू नका, डीपीच्या कुंपणात जाऊ नका. ११ हजार व्होल्टची लाईन आहे ती. खांबाचा नंबर लिहून घ्या, लांबून फोटो काढा, आणि वीज कंपनीकडे १९१२ वर तक्रार नोंदवा. रेडिओवर नॉईज येतो म्हणण्यापेक्षा या नंबरच्या खांबावर ठिणगी पडतेय अशी शंका आहे, असं सांगा (शंका खरी असेल तरच), कारण लाईनमनला ते समजतं आणि ते त्याचं काम आहे. तक्रार क्रमांक जपून ठेवा. नॉईज फार मोठा असेल आणि स्थानिक पातळीवर सुटत नसेल तर केंद्राच्या दूरसंचार विभागाची वायरलेस मॉनिटरिंग ऑर्गनायझेशन ही इंटरफिअरन्सची तक्रार करायची जागा आहे, तिथे लायसन्सची प्रत आणि तुमच्या वहीतल्या तारीख-वेळेच्या नोंदी लागतील.

शेजाऱ्यांकडे जायचं असेल तर आधी स्वतःचं घर साफ झालेलं असलं पाहिजे, आणि नॉईज नक्की त्यांच्याकडून येतो याची खात्री. रविवारी सकाळी जा, छोटा रेडिओ बरोबर न्या. "काका, माझ्या रेडिओला कुठल्यातरी वस्तूचा त्रास होतोय, तुमच्याकडची असू शकते, दोन मिनिटं बघू का?" एवढंच पुरतं. त्यांच्यासमोर रेडिओ अडॅप्टरजवळ न्या, पिन त्यांनाच काढू द्या. आवाज थांबलेला त्यांनी स्वतः ऐकला की पुढचं सोपं होतं. नवीन अडॅप्टर, बल्ब तुमच्या खर्चाने द्या. कायदा, लायसन्स, सरकार हे शब्द पहिल्या भेटीत काढू नका, तुमची अँटेना ज्या गच्चीवर आहे ती गच्ची त्यांची पण आहे. लिफ्टचा किंवा सोसायटीच्या पंपाचा नॉईज असेल तर सेक्रेटरींशी बोला आणि लिफ्टवाला मेंटेनन्सला येईल तेव्हा ड्राईव्हचं अर्थिंग आणि फिल्टर तपासायला सांगा, स्वतः लिफ्टच्या पॅनलला हात नको.

८. तरीही जो उरेल त्याच्यासाठी

काही नॉईज जाणार नाही, दाट वस्तीत तर नाहीच. मग अँटेना त्याच्यापासून लांब न्या. डायपोल गच्चीच्या कठड्याला चिकटून, वायरिंगच्या डक्टच्या डोक्यावर असेल तर दोन-तीन मीटर सरकवल्याने पण फरक पडतो. अँटेनाच्या मध्यावर, जिथे कोॲक्स जोडते तिथे, कॉमन मोड चोक लावा: ३१ मिक्सच्या २.४ इंची रिंगवर बारीक कोॲक्सचे बारा-एक वेढे. नाहीतर कोॲक्सची बाहेरची जाळी घरातला सगळा नॉईज उचलून वर नेते. एका टोकाला फीड केलेल्या अँटेनांना हा त्रास जास्त होतो, खिडकीतून वायर बाहेर सोडून काम करणाऱ्यांना चोकशिवाय गत्यंतर नाही. ऐकण्यासाठी वेगळा छोटा लूप पण करता येतो, तो फिरवून नॉईजची दिशा मारता येते, मात्र ट्रान्समिट करताना रिसीव्हरची बाजू आपोआप तुटेल अशी सोय हवी.

नॉईज ब्लँकर ठिणगीच्या फटक्यांवर छान चालतो, एसएमपीएसच्या सलग खरखरीवर चालत नाही.

आणि वही बंद करू नका. घरात नवीन वस्तू आली की त्याच दिवशी तीच फ्रिक्वेन्सी, तेच सेटिंग लावून एकदा मोजा आणि तारीख टाकून लिहा, म्हणजे सहा महिन्यांनी नॉईज वाढला तर कुठून सुरुवात करायची ते तुम्हाला माहीत असेल.